आधी खळाळात उतर

अरे, मुंबईच्या दहिसर नदीला जिवंत राहायला किती पाणी लागतं हे टेबलावर बसून ठरवू नकोस. नदीत किमान किती पाणी ठेवावं हे सांगणारी टेनंटची १९७६ची पद्धत पाठ असेलच: वार्षिक सरासरी प्रवाहाच्या १० टक्के म्हणजे जेमतेम जगणं, ३० टक्के बरं. पण ते आकडे अमेरिकेतल्या ओढ्यांवरून आले. आपल्याकडे जवळजवळ सगळं पाणी चार महिन्यांत येऊन जातं, मग त्या सरासरीला मे महिन्यात काय अर्थ?

त्यापेक्षा वनखात्याची परवानगी काढ आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला एखादा खळाळ, म्हणजे दगडांवरून खळखळत जाणारा उथळ भाग, निवड. डोह नको, डोहात पाणी कमी झालेलं उशिरा कळतं, खळाळ आधी उघडा पडतो, आणि दगडाखालचे किडे, म्हणजे माशांचं खाणं, तिथेच असतं. काठापासून काठापर्यंत टेप लाव, पट्टे पाड, प्रत्येक पट्ट्याची खोली घे. वेग पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ वर मोज. वेग मोजायचं यंत्र नसेल तर संत्र्याची साल सोड, ती ठरलेलं अंतर किती वेळात कापते ते बघ आणि येईल त्या वेगाला ०.८५ ने गुण. हसू नकोस, चालतं. प्रत्येक पट्ट्याची रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार करून बेरीज घे, तो झाला प्रवाह.

वेगवेगळ्या प्रवाहाला तळाचा किती भाग भिजतो, याचा आलेख काढ. तो आधी झपाट्याने चढतो, मग वाकतो. ते वळण म्हणजे किमान किती पाणी हवं याचा तुझा पहिला अंदाज.

आणि हो, वस्तीतून वाहणारा भाग मोजून ‘उन्हाळ्यातही पाणी आहे’ असं लिहू नकोस. ते सांडपाणी असतं. विरघळलेला ऑक्सिजनही तपास.