निधी ‘हातात’ असलेला अधिकारी

वाशीम जिल्ह्यातून बी.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीचं पत्र आलंय. ‘आमच्या गावचा पूल तीन वर्षांपासून मंजूर आहे म्हणतात, पण काम काही सुरू होत नाही. ज्यांच्या हातात विकासाचा निधी असतो असा मोठा अधिकारी मला व्हायचंय. विभागीय आयुक्त होण्यासाठी कोणती परीक्षा द्यावी?’

अगं, विभागीय आयुक्तपदाची परीक्षाच नसते. राज्यात सहा महसुली विभाग आहेत, तुझा अमरावती. तिथल्या खुर्चीत बसणारा भारतीय प्रशासन सेवेतला (आयएएस) अधिकारी जिल्हाधिकारी वगैरे पदं करत बऱ्याच वर्षांनी तिथं पोहोचतो. सुरुवात यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून. खुल्या गटाला वय २१ ते ३२ आणि सहा प्रयत्न. याबद्दल इंटरनेटवर ढीगभर सापडेल, मी त्यात भर घालत नाही.

तुझ्या पत्रातला ‘हातात’ हा शब्द मात्र मला खटकला. जिल्ह्याचा विकासनिधी वर्षभर कुठं खर्च करायचा ते ठरवणाऱ्या जिल्हा वार्षिक योजनेला मान्यता देते जिल्हा नियोजन समिती. अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य-सचिव जिल्हाधिकारी. राज्यघटनेच्या २४३ झेडडी कलमानुसार किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्यांमधून यायला हवेत. अधिकारी तिथं वाटप करत नाही, जुळवाजुळव करतो. आणि ती जुळवाजुळव खरी होते जिल्हा नियोजन अधिकाऱ्याच्या टेबलावर. या खुर्चीचं नाव विद्यार्थ्यांच्या तोंडी फारसं येत नाही, याचं मला नवल वाटतं.

एकदा फेब्रुवारीत अशा एका कार्यालयात तासभर बसलो होतो. शाळाखोलीचा प्रस्ताव आलेला, अंदाजपत्रक जोडलेलं, फक्त जागेचा सातबारा नाही. साहेबांनी फाईल बाजूला सारली आणि फोनवर म्हणाले, ‘मार्चअखेरीला पैसे परत गेले तर मला विचारू नका.’ पलीकडे दोघं लिपिक ‘तीस-चोपन्न’ की ‘पन्नास-चोपन्न’ यावर वाद घालत होते. ३०५४ म्हणजे रस्त्या-पुलांची दुरुस्ती, ५०५४ म्हणजे नवं बांधकाम. लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कोणत्या खात्यात टाकायचा तो क्रमांक, चुकलं की काम अडतं. हे रोजचं काम आवडत असेल तर पुढं वाच.

जिल्हा नियोजन अधिकाऱ्याचं पद साधारणपणे अर्थ व सांख्यिकी सेवेतल्या अधिकाऱ्याकडे असतं. एमपीएससीची जाहिरात आली की पात्रतेची ओळ आधी वाच. एम.ए. अर्थशास्त्र करणार असशील तर यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवाही खुली होते, तिला पदव्युत्तर पदवीच लागते आणि वयोमर्यादा ३०. संख्याशास्त्राचा पेपर निवडता येत असेल तर घेच. अर्थशास्त्राची मुलं त्याला घाबरून पळतात आणि पुढं पस्तावतात.

विदर्भातली आहेस, तेव्हा ‘अनुशेष’, म्हणजे इतर भागांच्या तुलनेत मागं राहिलेला विकास, हा शब्द घरी ऐकला असशीलच. १९८४चा दांडेकर समितीचा अहवाल आणि २०१३चा केळकर समितीचा, दोन्ही मिळवून शेजारी ठेवून वाच. मागासलेपण मोजायचं कसं, यावरच त्यांची गाडी वेगळी वळते. मुलाखतीसाठी यापेक्षा चांगली तयारी मला ठाऊक नाही.

परीक्षेला वेळ आहे. त्याआधी तुझ्या पुलाची फाईल शोध. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये, तीस दिवस. विचार इतकंच: प्रशासकीय मान्यतेचा (म्हणजे काम आणि खर्च मंजूर केल्याच्या आदेशाचा) क्रमांक आणि तारीख, तांत्रिक मान्यता (म्हणजे अभियंत्यांची आराखडा-अंदाजपत्रकाला मंजुरी) झाली का, लेखाशीर्ष कोणतं, कोणत्या वर्षी किती निधी वितरित झाला. उत्तर आलं की मला पाठव, आपण दोघं मिळून वाचू.