बाबांच्या वाट्याला पिठाची गोळी आली तर?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत. पुढच्या आठवड्यात त्यांच्या गुडघ्याचा सांधा बदलायचाय. ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर एका नव्या औषधाचा अभ्यास चालू आहे, त्यात सहभागी व्हाल का, असं त्यांना विचारलंय. नऊ पानांचं संमतीपत्र घरी वाचायला दिलंय. निम्म्या रुग्णांना खरं औषध आणि निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे औषधच नसलेली गोळी मिळेल, आणि कुणाला काय मिळालं ते डॉक्टरांनाही कळणार नाही, असं त्यात आहे. बाबा म्हणतात, "पुढच्याचं भलं होत असेल तर होऊ दे." दादा म्हणतो, "तुम्ही कळवळत पडणार आणि ते वहीत टिपून घेणार!" मी सही करू द्यावी का? – एक मुलगी

उत्तर : सही बाबांची आहे, तेव्हा निर्णयही त्यांचाच. पण दादाची भीती खोटी नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलते.

प्लासिबो मिळणं म्हणजे उपचाराविना पडून राहणं नव्हे. संमतीपत्रात 'सर्व रुग्णांना मिळणारे उपचार' असा भाग शोधा. गुडघ्याच्या अशा अभ्यासात बहुधा सगळ्यांनाच पॅरासिटामॉल आणि नसेजवळचं बधिरतेचं इंजेक्शन मिळतं. नवी गोळी किंवा प्लासिबो ही त्याच्यावरची भर असते. मग 'रेस्क्यू' हा शब्द शोधा. दुखणं सोसवेना झालं की रुग्णाने मागायचं आणि लगेच मिळायला हवं, असं ते हुकमी वेदनाशामक. ते कोणतं, किती वेळात मिळेल आणि रात्री दोन वाजता कोण देईल, हे बाबांनी सही करण्यापूर्वी विचारावं. उत्तर गुळमुळीत आलं, तर सही करू नये, असं मी माझ्या वडिलांनाही सांगितलं असतं. शिवाय सही केल्यावरही कधीही बाहेर पडता येतं, त्याचं कारण द्यावं लागत नाही आणि नेहमीच्या उपचारात काही उणं येत नाही.

मी भूलतज्ज्ञ झाले त्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका अभ्यासात निरीक्षक होते. अक्कलदाढ काढलेले रुग्ण होते. या संशोधनात अक्कलदाढेला मोठा मान आहे, कारण रुग्ण बहुतेक तरुण आणि एरवी निरोगी असतात, जखम साधारण सारखी असते आणि बधिरता उतरली की दुखणं हमखास येतं. गोळी दिली की मी रुग्णाच्या हातात दोन स्टॉपवॉच द्यायचे. किंचित जरी उतार वाटला तर पहिलं दाबायचं, आणि 'हां, आता खरंच बरं वाटतंय' असं झालं की दुसरं. रेस्क्यू गोळी घेण्याआधी शक्य तर तासभर थांबा, अशी विनंती असायची, सक्ती नाही. कुणी किती वेळात रेस्क्यू मागितलं, हाही निकालाचाच भाग असतो. त्यामुळे मागणारा अभ्यास बिघडवत नाही. बाबांना हे आवर्जून सांगा. पुढच्याच्या भल्यासाठी दात-ओठ खाऊन सोसणारा माणूस चुकीची माहिती देऊन जातो.

त्या अभ्यासातला एक तरुण मला अजून आठवतो. वीस मिनिटांत त्याने दोन्ही घड्याळं दाबली आणि शांत झोपला. शेवटी कुणाला काय दिलं होतं याचे गुप्त संकेत उघडले तेव्हा कळलं, त्याला प्लासिबो मिळाला होता. तो खोटं बोलत नव्हता. लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी १९७८ साली दाढ काढलेल्या रुग्णांवरच दाखवलं होतं की, प्लासिबोने ज्यांना आराम पडतो त्यांना नालोक्सोन दिलं तर दुखणं पुन्हा वाढतं. नालोक्सोन अफूजन्य औषधांचा परिणाम रोखतं. म्हणजे तो आराम त्यांच्या स्वतःच्या मेंदूने तयार केलेल्या अफूसारख्या द्रव्यांचा होता.

आता दादाला विचारा, अशी माणसं असताना नव्या गोळीचा गुण कसा ओळखायचा? पिठाच्या गोळीशी तुलना केल्यावाचून ते कळतच नाही. अशा तुलनांतून निघालेला एक आकडा मी विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेते : प्लासिबोच्या तुलनेत एका जादा रुग्णाचं दुखणं निम्म्याहून उतरायला किती जणांना औषध द्यावं लागतं? आकडा जितका लहान, तितकं औषध गुणकारी. ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेनसाठी सुमारे अडीच. ६० मिलिग्रॅम कोडीन या अफूजन्य औषधासाठी १२. एवढं दबदब्याचं कोडीन, आणि साध्या गोळीच्या कितीतरी मागे! २०० आयबुप्रोफेन आणि ५०० पॅरासिटामॉल एकत्र दिलं तर आकडा १.६ वर येतो. (मूत्रपिंडाचा त्रास किंवा पोटात व्रण असेल तर आयबुप्रोफेन चालत नाही. हे वाचून स्वतःहून घेऊ नका.)

उलट उदाहरण बाबांच्या वयाला जास्त लागू आहे. गॅबापेंटिन, प्रिगाबालिन ही मुळात फिट्स आणि नसांच्या दुखण्यावरची औषधं ऑपरेशनच्या आसपास वर्षानुवर्षं सर्रास दिली गेली. मीही दिली. २०२० साली २८१ चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा दिसलं की, दुखण्यातला फरक रुग्णाला जाणवेल एवढाही नाही, चक्कर मात्र वाढते. सत्तरीतला माणूस नव्या गुडघ्यावर पहिलं पाऊल टाकतोय आणि त्याला चक्कर येतेय, हे मी पाहिलंय आणि त्याचं मला वाईट वाटतं.

याच क्षेत्रात स्कॉट रूबेन नावाचे एक अमेरिकन भूलतज्ज्ञ होते. त्यांच्या २१ लेखांतली माहिती बनावट असल्याचं २००९ साली उघड झालं. काही अभ्यासांत तर रुग्णच नव्हते. पुढे त्यांना सहा महिन्यांची कैद झाली, पण तोवर त्या लेखांच्या आधारावर जगभर औषधं दिली गेली होती. म्हणून तुमच्या बाबांसारखा खरा माणूस, ज्याने कागद वाचून प्रश्न विचारून हो म्हटलंय, तो मला फार मोलाचा वाटतो.

प्रश्न : पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर नर्स दर थोड्या वेळाने विचारायच्या, "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" माझं सात आणि शेजारच्या काकूंचं सात एकच कसं? त्याला काय अर्थ आहे? – एक वाचक

उत्तर : एकच नसतं, आणि तशी तुलना करायचीही नसते. तुमचं सात औषधानंतर चारवर आलं का, एवढंच त्यातून पाहायचं. रक्तदाब, नाडी, चेहरा यांवरून दुखण्याचं माप नीट निघत नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या अँझिओच्या आघाडीवर हेन्री बीचर या भूलतज्ज्ञांनी गंभीर जखमी सैनिकांना विचारलं, तर सुमारे तीन चतुर्थांश जणांना वेदनाशामक नको होतं. जखमेकडे पाहून दुखणं ठरवता येत नाही, ज्याचं त्यालाच विचारावं लागतं.

पण प्रश्न कसा विचारायचा, हे मी एका आजींकडून शिकले. पोटाचं ऑपरेशन झालं होतं. कितीही वेळा विचारलं तरी "बरंय गं बाळा, दोन." मी दोन लिहून पुढे जात राहिले. दुसऱ्या दिवशी छातीत कफ भरल्याचं लक्षात आलं. खोकायला सांगितलं तर त्यांनी पोट धरलं आणि डोळ्यांत पाणी आलं. निश्चल पडून असताना दोन होतं, खोकताना नऊ. तेव्हापासून मी दोन आकडे विचारते : पडल्या-पडल्या किती, आणि खोकताना किंवा कुशीवर वळताना किती. तुम्हाला कुणी दुसरा विचारला नाही, तर आपण होऊन सांगा. आणि आकड्यासोबत आपले शब्दही सांगा. ठणका लागलाय की कळ येते, चमक निघते की आग होते? जखम ठणकते. चमक आणि आग असेल तर नस दुखावल्याची शंका येते आणि औषध बदलावं लागतं.

प्रश्न : वेदनेची गोळी जितकी कमी घ्यावी तितकी जखम लवकर भरते, हे खरं का? – एक आजोबा

उत्तर : नाही, आजोबा. दुखतंय म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, पलंगावरून उतरत नाही. मग कफ साचतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. गोळी ठरलेल्या वेळेला घ्या, दुखणं डोक्यावर चढायची वाट पाहू नका. पोटाचं ऑपरेशन असेल तर उशी जखमेवर घट्ट दाबून धरा आणि मग खोका.