गरोदरपणाच्या सहाव्या आठवड्यात बाळाचे ठोके दिसले नाहीत म्हणून रडत बसू नकोस

अगं, आधी अभिनंदन! आणि आता ते मोबाईलवर शोधणं बंद कर बरं. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे तुझे सहा आठवडे म्हटले तरी बाळ खरं तर चारच आठवड्यांचं असतं, त्यात ओव्ह्युलेशन, म्हणजे बीज बाहेर पडणं, थोडं उशिरा झालं असेल तर सोनोग्राफीत नुसती गर्भाभोवतीची पिशवीच दिसू शकते, म्हणूनच डॉक्टर आठ-दहा दिवसांनी परत बोलावतात. आठव्या आठवड्यात बाळ जेमतेम दीड सेंटीमीटरचं असतं गं, बाराव्यापर्यंत पाच-साडेपाच होतं.

फॉलिक ॲसिडची गोळी मात्र अजिबात चुकवायची नाही. बाळाच्या मेंदूचा आणि पाठीच्या कण्याचा पाया याच दिवसांत घडतो, नंतर घेऊन तो फायदा मिळत नाही. ११ ते १४ आठवड्यांतली एनटी स्कॅनची (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणाऱ्या सोनोग्राफीची) तारीख आत्ताच घेऊन ठेव.

उलट्यांसाठी सकाळी उठायच्या आधी पलंगावरच कोरडं काहीतरी खा, आपले इंदौरी परमल, म्हणजे कुरमुरे, पण चालतात, आणि रिकाम्या पोटी चहा नको. पाणीही पोटात टिकत नसेल किंवा लघवी कमी झाली तर घरगुती उपाय करत बसू नकोस, सरळ दवाखाना. रक्त गेलं, पोटात एका बाजूला जोरात दुखलं, तरी तेच. सराफ्यात, आपल्या इंदौरच्या खाऊगल्लीत, जा की, बंदी कोणाची आहे, फक्त गरमागरम समोर तळलेलं खा, पाणीपुरीचं पाणी सोड. सासूबाई पपई नको म्हणतात तर नको खाऊस, त्यावरून कशाला वाद! पुढच्या सोनोग्राफीला नवऱ्याला घेऊन जा, ठोके त्यालाही बघू देत.