'गो'चं 'वेंट': सुरुवातीला एवढंच घोटा

इंग्रजीत 'गो'चा भूतकाळ 'वेंट'. तिथे 'गोएड' लिहिलंत म्हणून लाजू नका, इंग्रजांची पोरंही लहानपणी तेच म्हणतात. 'वेंट' हे मुळात 'वेंड' या दुसऱ्याच क्रियापदाचं रूप. साधारण 15व्या शतकात ते 'गो'च्या पदरी पडलं. आपल्याकडे तरी वेगळं काय? 'जातो'चं 'जाला' होतं का? 'गेला' होतं! 'या' आणि 'गम्', संस्कृतातले दोन धातू एकाच घरात नांदतायत.

आधी एकच गोष्ट पक्की करा: 'डिड' आला की 'वेंट' जातं. 'आय डिडन्ट वेंट' ही चूक मी स्वतः दोन वर्षं बिनधास्त केली. भूतकाळाचं ओझं 'डिड'ने उचललंय ना, मग पुन्हा कशाला? 'आय डिडन्ट गो.' 'व्हेअर डिड यू गो?' मोठ्याने म्हणा, जिभेला वळण लागू दे.

मग या दोन खास मराठी चुका:

- 'मी काल गेलो होतो' या वळणावर 'आय वॉज वेंट' नको. 'आय वेंट येस्टरडे', बस्स.
- 'वेंट टू द मार्केट' बरोबर, पण 'वेंट होम'मध्ये 'टू' घुसवू नका.

अर्थ नेहमी 'गेला' असाच नसतो. 'द मिल्क वेंट बॅड' म्हणजे दूध नासलं. 'द लाइट्स वेंट आउट'ला मात्र आपणही दिवे गेले असंच म्हणतो.

'हॅव'नंतर 'गॉन' येतं, इतकं तूर्त पुरे. 'गॉन' की 'बीन', ती भानगड महिन्याभराने. तोवर रोज रात्री तीन वाक्यं लिहा: आज कुठे गेलात, कुठे गेला नाहीत. नकारार्थी दोन तरी हवीत.