ऑशकॉशहून परतताना मिशिगन सरोवर ओलांडावं की शिकागोकडून वळसा घ्यावा?

विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशच्या एअरव्हेंचर या विमान-मेळाव्यानंतर दोघं जण सेसना १७२ एस या छोट्या विमानाने मिशिगनमधल्या ॲन आर्बरला परतणार, तर सरोवरावरून जावं की शिकागोकडून, असं तुम्ही विचारलंय. शिकागोकडून जा. कारण खाली देतो, पण आधी तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल बोलतो: "सामान येताना होतं तेवढंच आहे." तेवढंच नसतं. येताना तंबू कोरडा होता.

आठवडाभर विमानाशेजारच्या गवतावर राहिलेला, पहाटेच्या दवात गुंडाळलेला तंबू उचलून बघा. कापड ओलं, दोऱ्या ओल्या, तळाला चिखल. त्यात मेळाव्यातल्या फ्लाय मार्केटमधून घेतलेली अवजारं आणि कूलरमधलं उरलेलं पाणी, म्हणजे गॅलनला ८.३ पौंड. आकड्यांतच बोलू. समजा तुमच्या विमानाचा युसफुल लोड, म्हणजे माणसं, इंधन आणि सामान मिळून उचलता येणारं वजन, ८६० पौंड आहे. दोन माणसं ३७०, टाक्या भरून ५३ गॅलन इंधन म्हणजे ३१८. उरले १७२. पण ते सगळे मागे टाकता येत नाहीत. मागच्या सामानाच्या जागेची एकूण मर्यादा १२० पौंड आहे, आणि ती टाकी अर्धी ठेवली तरी वाढत नाही. इथेच लोक चुकतात: एकूण वजन बसलं की हिशेब संपला असं धरतात. सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, मागे गेला की नाक हलकं लागतं आणि स्टॉलमधून (पंखांची उचल तुटली की) बाहेर यायला त्रास होतो. हुकाचा वजनकाटा न्या, प्रत्येक पिशवी टांगून वजन लिहा. जड अवजारं मागच्या सीटवर, पट्ट्याने बांधून. तरी जास्त झालं तर कुरिअर करा.

निघायच्या सकाळी सगळ्या ड्रेनमधून, म्हणजे इंधनातलं पाणी काढायच्या झडपांतून, कपात नमुना काढा. १७२ एसला १३ आहेत: प्रत्येक पंखाखाली ५ आणि पोटाखाली ३. पावसात उभ्या राहिलेल्या विमानात टाकीच्या झाकणाचं सील जुनं असेल तर पाणी उतरतं. १००एलएल हे विमानाचं पेट्रोल निळसर असतं, पाणी कपाच्या तळाशी रंगहीन गोळी होऊन बसतं. आख्खा कप रंगहीन दिसला तर तो पाण्यानेच भरलेला असू शकतो, फसू नका. पाणी निघालं तर पंख हलवा, थोडं थांबा, पुन्हा काढा. पिटो ट्यूब (वेगमापकाची नळी) आणि काउलिंगमध्ये (इंजिनाच्या आवरणात) किडे-पाखरांनी घर केलंय का बघा. व्हील पँटमधलं, म्हणजे चाकांवरच्या आवरणांतलं, चिखल-गवत काढा. चाक रुतलं असेल तर पॉवर देऊन उपटू नका, टोबारने (विमान ओढायच्या दांड्याने) ओढा. मागे लोकांचे तंबू असतात, पंख्याचा झोत त्यांच्यावर जातो.

आता सरोवर. पश्चिम काठावरच्या मॅनिटोवॉकपासून पूर्व काठावरच्या लडिंग्टनपर्यंत पाणी साधारण ५२ नॉटिकल मैल. ९,५०० फुटांवरून १७२ वारा नसताना १३-१४ मैल तरंगत जाते. म्हणजे मधले जवळपास २५ मैल, ११० नॉटने १३-१४ मिनिटं, इंजिन थांबलं तर उतरायला फक्त पाणी. ते जुलैतही गार असतं. वाचतात किती? सुमारे ७० मैल, म्हणजे ३५-४० मिनिटं. माझ्या मते हा सौदा वाईट आहे. जायचंच असेल तर लाइफ जॅकेट अंगात घाला. पिशवीतलं कामाचं नाही. वळशासाठी तासाला ९ गॅलन धरून २६, वर दीड तासाची राखीव, असे ४० गॅलन घ्या. टाक्या पूर्ण भरायची गरज नाही.

दुपारी ढग वाढतात. एडीएस-बी या रेडिओ-सेवेतून टॅबलेटवर येणारं हवामान-रडारचं चित्र १५-२० मिनिटं जुनं असू शकतं, त्यात फट शोधून वादळांमधून घुसू नका. २० मैल लांब राहा.

आमच्या क्लबात परतीच्या घाईवर जुना वाद आहे. फिस्क गावावरून ऑशकॉशला यायच्या पद्धतीची सूचना महिनाभर पाठ करणारे लोक परतीचं पान उघडत नाहीत, आणि "सोमवारी ऑफिस आहे" म्हणून निघतात. ऑफिस मंगळवारीही असतं. हवा खराब असेल तर जवळच्या ॲपलटनहून एअरलाइनने घरी जा, विमान पुढच्या शनिवारी आणा. वाद घालणाऱ्यांनी पार्किंगचं भाडं मोजावं, ते इंजिनाच्या एका सिलिंडरपेक्षा खूप स्वस्त पडतं.

हो, आकडे तुमच्याच विमानाच्या वेट-अँड-बॅलन्सच्या कागदावरून घ्या, प्रत्येकाचं रिकामं वजन वेगळं असतं. निघायची पद्धत त्या वर्षीच्या एफएएच्या (अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाच्या) सूचनेतून वाचा, आणि एअर शोच्या वेळी विमानतळ बंद असतो हे धरूनच निघायची वेळ ठरवा.