मोदक आणि टाइमशीट

प्रिय बेटा,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल होती. आयुष्य कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेलं, त्यामुळे मोजल्याशिवाय मला काही उमगत नाही. तर मोजलं. ऑफिसच्या गणपतीतल्या मोदकावर तू दीड पान लिहिलं आहेस. रविवारच्या शिफ्टवर अर्धं. आणि टाइमशीटवर दोन ओळी, त्याही अगदी शेवटी, सहीच्या वर. ‘काका, बरं काय नि वाईट काय हेच कळेनासं झालंय’ असं लिहिलंस. कळेनासं झालंय त्याची मापं तूच कागदावर मांडून दिली आहेस, पण ते नंतर. झोप मोदकाने उडवली आहे, तेव्हा आधी मोदक.

आरती झाली, बाजूच्या डेस्कवरच्या मुलीने हातावर मोदक ठेवला. तू तो टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये टाकलास आणि खराडी ते वडगावशेरी रिक्षात पर्स मांडीवर धरून बसलीस, जणू आत चोरीचा माल आहे. खावा तर नैवेद्य, टाकावा तर अन्न. शेवटी गल्लीतल्या कुत्र्याला घातलास, आणि मग म्हणे कुत्र्याचंही वाईट वाटलं. माफ कर, इथे मला हसू आलं.

पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याचं काय करायचं, हे करिंथ शहरातल्या मंडळीनेही, म्हणजे तिथल्या चर्चनेही, प्रेषित पौलाला विचारलं होतं आणि त्याला त्यावर पानं खर्च करावी लागली. बायबलमधलं त्याचं करिंथकरांस पहिलं पत्र काढ, आठवा आणि दहावा अध्याय सलग वाच. मूर्ती म्हणजे काहीच नाही, म्हणून अन्नाला काही चिकटत नाही, हे तो मान्य करतो. कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं चौकशी न करता खा, असंही म्हणतो. पण ‘हा नैवेद्य आहे’ असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्याचा विचार करून खाऊ नका. आणि पूजेपासून मात्र दूरच राहा, हेही त्याच दमात. म्हणजे आरतीचं ताट हातात घेणं वेगळं आणि कुणी प्रेमाने दिलेला लाडू वेगळा. आपल्या मंडळीत प्रसाद घेणारे आहेत, न घेणारेही आहेत, आणि दोघं एकाच बाकावर बसून प्रभुभोजन घेतात. त्याच्याच रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायाप्रमाणे इथे ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करायची. मी स्वतः घेत नाही. ‘प्रसाद नको गं, पण घरून डब्यात आण, चार खाईन’ असं म्हणतो. आजवर कुणी रागावलं नाही. तुझं चुकलं असेल तर ते एवढंच, की तू लपवलास.

खाण्यापिण्यावरून मन अडणं पुण्याला नवं नाही. 1890 साली आमच्या गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला आलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते. ख्रिस्ती लोकांच्या हातचं घेणं म्हणजे तेव्हा बाटणं. कुणी प्यायले, कुणी कपाला नुसता हात लावला. गोपाळराव जोश्यांनी नावं छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्तावर आलं. एका कप चहाने शहर ढवळून निघालं. आपण ख्रिस्ती लोक ही गोष्ट जरा मिटक्या मारत सांगतो.

मिटक्या मारायचं कारण नाही. माझ्या आईचं सांगतो. सिनेमा तिच्या लेखी पाप. मित्रांबरोबर चोरून अलका टॉकीजला गेलो होतो तेव्हा तिने मला रात्रभर गुडघ्यांवर बसवलं होतं. बाई देवभीरू, रोज पहाटे शास्त्र वाचणारी. आणि आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा होता. दांडी तुटलेला, मोरीच्या खिडकीत पालथा ठेवलेला. त्या कपाबद्दल तिचं मन तिला कधी बोललं नाही. माझंही नाही, मी तर तो कप कित्येकदा धुवून जागेवर ठेवला आहे. पुदिना, शेप, जिरे यांचा दशांश मोजून देणाऱ्या आणि न्याय, दया विसरणाऱ्या परुश्यांना, त्या काळच्या नेमनिष्ठ धर्मपंडितांना, येशूने झापलं, ते वाचताना मला अजून ती खिडकी दिसते.

मनाची टोचणी खरी असते, पण ती कुठे टोचायची हे तिला कुणीतरी शिकवलेलं असतं. आणि कधी चुकीचं शिकवलेलं असतं. येशूचा शिष्य पेत्र, यापोच्या गच्चीवर ‘देवाने शुद्ध केलेलं अशुद्ध मानू नकोस’ असा दृष्टांत होईपर्यंत त्यालाही हे कळलं नव्हतं, आणि पुढे अंत्युखियात तोच जेवणाच्या पंगतीवरून पुन्हा घसरला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर सुनावलं.

रविवारच्या शिफ्टचं थोडक्यात. शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, माणसासाठी आहे, असं येशूच म्हणाला. महिन्यातून एखादा रविवार गेला तर संध्याकाळच्या उपासनेला ये. सगळेच जायला लागले तर बोलू.

आता त्या दोन ओळी. टीममधला एक जण नऊ दिवस गावी होता, त्याचे तास भरलेले दाखव, असं लीडने सांगितलं, क्लायंटला बिल जाणार आहे, आणि ‘प्रभूची इच्छा काय ते कळत नाही, प्रार्थना करतेय’.

बेटा, मीही केली होती. 1984 साली, चिंचवडच्या एका कारखान्यात. भंगाराचा ट्रक काट्यावर 3,240 किलो भरला. साहेब म्हणाले, 2,800 लिही. मी लिहिलं, गेटपासवर सही केली. मग तीन आठवडे रोज रात्री ‘प्रभू, मार्ग दाखव’. उत्तर येईना म्हणून मी प्रार्थना लांबवत गेलो. उत्तर येणार कसं? मला मार्ग दिसत होता, हवा होता दुसरा. दरम्यान तपासणी झाली, फरक सापडला आणि गेटवरच्या वॉचमनला काढून टाकलं. माल बाहेर गेला तेव्हा तो ड्युटीवर होता, एवढ्यावरून.

मग मी मॅनेजरला लेखी दिलं. माझी दोन इन्क्रिमेंट गेली, वॉचमनला काही परत घेतलं नाही. दापोडीला त्याच्या खोलीवर गेलो. त्याची बायको मेथी निवडत होती, ती उठलीसुद्धा नाही. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “साहेब, मला माहीत होतं. पासवर सही तुमची होती. मला वाचता येतं.”

बायबलमधल्या जक्कय जकातदाराने लबाडीने घेतलेलं चौपट परत करायचं कबूल केलं. मी वर्षभर त्याला महिन्याला दीडशे रुपये पोचवले. चौपट काही झालं नाही.

म्हणून सांगतो, मोदकाचा प्रश्न अवघड आहे आणि तो तुला आयुष्यभर अवघड वाटला तरी हरकत नाही. टाइमशीटचा प्रश्न महाग आहे, अवघड नाही. दोन्हींना ‘कळत नाही’ हा एकच शब्द वापरू नकोस. आणि मी म्हणतो म्हणूनही काही करू नकोस. केडगावचं मुक्ती मिशन तू पाहिलं आहेस. ते उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण ज्या सिस्टरांनी त्यांना शिकवलं त्यांच्याशीही त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नाही, इथपर्यंत. शाकाहारही त्यांनी सोडला नाही. माझ्याशीही वाद घाल.

लीडशी तोंडी बोलू नकोस, ईमेल कर. भांडणाचा सूर नको. ‘अमुक तारखांना ते रजेवर होते, मी तास शून्य धरते आहे, चूक असेल तर लेखी कळवा’, एवढंच. नोकरीवर गदा येईल का? येऊ शकते, तसं होणार नाही असं वचन मी देत नाही. घरी नगरला पैसे पाठवावे लागतात हे मला ठाऊक आहे, त्यामुळे दोन महिन्यांच्या भाड्याचं मी आणि काकू बघू, ते आमचं ठरलं आहे.

शुक्रवारी टाइमशीट बंद होतं असं लिहिलं आहेस. गुरुवारी रात्री जेवायला ये. ईमेल इथेच बसून लिही, मराठीतून इंग्रजी काकू करून देईल, माझं इंग्रजी गेटपासपुरतंच आहे.

तुझा,
काका