पुरात सगळं गेलेल्या शेतकऱ्याला धान्य द्यावं की बी-बियाणं?

बी. आणि बियाच्याही आधी वैरण.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याकडचा, दूधगंगाकाठचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आठ दिवस गाव पाण्यात होतं, आम्ही शाळेतल्या गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या छावणीत. तांदूळ, बिस्किटं, ब्लँकेटं यांचा ढीग लागला. बाहेर दोन म्हशी दाव्याला उपाशी. वैरणीची एक पेंढी कुणी आणली नाही. एक म्हैस तिथंच आटली.

घरी आल्यावर बियाण्याचं पिंप उघडलं. राख लावून ठेवलेला शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, होती. वरच्या थराला बोटभर पांढरे कोंब, खाली आंबलेला लगदा. वडील तळापर्यंत हात घालून चाचपत राहिले, एखादी मूठ कोरडी सापडते का म्हणून.

मंडळाकडं वर्गणी जमली होती. मी म्हटलं, हरभऱ्याचं बी घेऊ. आमचे थोरले चुलते, आण्णा, म्हणाले, "आधी पोटाला घाला, बी सरकार देईल." परत तांदूळच वाटला. सरकारी बी आलं तेव्हा निम्मा नोव्हेंबर सरला होता, रानातली ओल गेली होती.

आम्ही तिघांनी पदरच्या पैशानं माळावरच्या पाहुण्यांकडनं हरभरा आणला. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. चौथ्या दिवशी सोडून बघितलं तर ब्याऐंशी उगवलेले. रान पेरण्याजोगं सुकून वाफसा आला तसा ऑक्टोबरातच पेरला, एकरी तीस किलोनं. हरभऱ्याला असं घरचं बी चालतं, संकरित मक्याला नाही.

भरपाईवर विसंबू नका. तेव्हाचा केंद्राचा निकष जिरायतीला हेक्टरी ६,८०० रुपये, तोही २ हेक्टरपर्यंतच. पैसे उताऱ्यावर नाव असेल त्याला. वाट्यानं कसणाऱ्याच्या हातात काहीच नाही, म्हणून बी वाटताना उतारा मागू नका, रान कोण कसतो ते गावात विचारा.

हेही खरं की पहिले आठ-दहा दिवस शिजवलेलं अन्न लागतंच. घरात दाणा नसेल तर दिलेलं बीसुद्धा चुलीवर जातं. तेव्हा बियासोबत महिन्याचं रेशन द्या. पण नुसतं रेशन देऊन थांबू नका.

आण्णा, तुम्ही अजून म्हणता भुकेल्याला बी दाखवू नये. आमच्या रानात फेब्रुवारीत हरभरा निघाला. ज्यांची रानं पड राहिली त्यांची पोरं इचलकरंजीला मागावर गेली. तुम्ही वाटलेला तांदूळ दिवाळीआधीच संपला होता.